गवताचा भाव

घासाघीस करण्याची कला आमच्या अंगी उपजतच आहे, असा आमच्या आप्तवर्गात एक समज आहे. तो कितपत खरा आहे, हे आमचे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु सातपाटीहून पालघरच्या बाजारात येणारी कोळीण दुपारी पापलेटाच्या जोडीचा जो भाव सांगते, तो दिवेलागणीच्या सुमारास किती उतरतो, हे आम्ही तीस वर्षांच्या अवलोकनाने जाणतो आणि त्या ज्ञानाचा उपयोग करण्यास लाजत नाही, इतके मात्र खरे. महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवून आम्ही जी काही कीर्ती मिळविली असेल, तिच्यापेक्षा या पापलेटांनी मिळवून दिलेली कीर्ती अधिक दूरवर पसरली आहे. ती थेट दुबईपर्यंत पोचल्याचा पुरावा गेल्या दिवाळीनंतर आमच्या हाती आला.

आमचा एक भाचा बारा वर्षे दुबईस नोकरी करीत आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या एका कारखान्यात त्याने उमेदवारी केली, रात्रपाळ्या करून डोळे लाल करून घेतले, आणि पुढे संधी मिळताच तो समुद्रापार गेला. तेथे त्याला चांगला पगार मिळाला, आणि चांगल्या पगाराबरोबर जी व्यसने जडतात त्यांतील सर्वांत निरुपद्रवी असे एक जडले. तो गोल्फ खेळू लागला. त्याचा निरोप असा आला: “मामा, नाताळच्या सुटीत तुम्ही आणि मामी इकडे याच. मी आठवडाभर रजा घेतो. तीन-चार निरनिराळ्या मैदानांवर खेळायचे मनात आहे. पण हिवाळ्यात इथले भाव असे चढतात, की छातीत धडकीच भरते. कुठे आणि केव्हा खेळले म्हणजे पैसे वसूल होतील, ते तुम्हीच ठरवून द्या. भाव करावा तर तुम्हीच!”

गोल्फ या खेळाशी आमचा संबंध इंग्रजी कादंबऱ्यांच्या पानांपलीकडे कधी गेला नव्हता. कलकत्त्यास १८२९ साली आणि मुंबईस १८४२ साली या खेळाची मंडळे निघाली, आणि चेंबूरचे मैदान १९२७ पासूनचे आहे, ही माहिती आम्हांस होती. परंतु पालघरपासून तारापूरपर्यंतच्या आमच्या मुलखात चेंडू काठीने दूर उडविण्याचा जो खेळ आम्ही खेळलो तो विटीदांडूचा, आणि त्याला मैदानभाडे पडत नसे. तथापि ज्या विषयातले आपणांस काही कळत नाही त्यावर सल्ला देणे हा प्राध्यापकाचा जन्मसिद्ध हक्कच होय. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भाच्याने मैदानांची दरपत्रके धाडली होती. शिवाय अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात स्थायिक झालेला आमचा एक माजी विद्यार्थी याच खेळाचा शौकी निघाला, त्यालाही आम्ही प्रश्न विचारून भंडावून सोडले.

दोन-तीन दिवसांच्या अभ्यासानंतर आमच्या ध्यानात आले, की वाळवंटातील गोल्फ आणि सातपाटीची मासळी यांचे अर्थशास्त्र मुळात एकच आहे. दोन्हीही नाशिवंत! सकाळी न विकले गेलेले पापलेट जसे संध्याकाळी जड होते, तशीच खेळाडूवाचून गेलेली मैदानावरची घटका मालकाला पुन्हा विकता येत नाही. म्हणून थंडीतला, शनिवार-रविवारचा, सकाळचा भाव सर्वांत चढा. आठवड्याच्या मधल्या वारांचा त्याहून कमी. आणि दुपार कलल्यावर सुरू होणारा सांजवेळचा भाव सर्वांत उतरता. उन्हाळ्यात, पारा चाळीस अंशांच्या वर चढतो तेव्हा, तीच मैदाने निम्म्या किमतीत पायघड्या घालतात. पण ते पैसे वाचवून वैद्याला द्यावयाचे असल्यास गोष्ट वेगळी.

येथवर सरळ होते. परंतु उतरत्या भावात नेहमीच काहीतरी दडलेले असते, ही आमची बाजारातली जुनी शिकवण. अठरा होलांचा पूर्ण डाव खेळावयास चार ते साडेचार तास लागतात, आणि डिसेंबरच्या अखेरीस दुबईचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. दोन वाजता स्वस्तात उभा राहिलेला मनुष्य चौदाव्या होलाजवळ अंधारात चेंडू शोधीत बसणार, हे उघड आहे. तेव्हा भाव दिवसाचा पाहू नये, प्रत्यक्ष खेळता येतील तेवढ्या होलांनी भागून पाहावा, हा आमचा पहिला सिद्धान्त. अर्धा डाव, म्हणजे नऊच होल, खेळावयाचे असतील तर सांजवेळ उत्तम. आणि जेथे दिवे लावून रात्री खेळता येते तेथे सांजवेळ व रात्र यांची सांगड घालावी. दुसरा सिद्धान्त असा, की दरपत्रकात बसावयाची गाडी, सरावाचे चेंडू आणि भाड्याच्या काठ्या धरलेल्या आहेत की नाहीत, हे आधी विचारावे. नाही तर तांदूळ स्वस्त आणि हमाली महाग अशी गत होते. तिसरा, तेथील रहिवाशांस बहुधा वेगळा दर असतो. त्या दराने आपल्याबरोबर पाहुणा नेता येतो काय, याची चौकशी करण्यात कमीपणा मानू नये. चौथा सिद्धान्त ॲरिझोनाच्या विद्यार्थ्याने पुरविला. वाळवंटातही थंडी पडली की तेथले उन्हाळी गवत झोपी जाते आणि पिवळे पडते. म्हणून शरदाच्या आरंभी त्यावर राय नावाच्या थंडीतल्या गवताचे बी पेरतात. त्यासाठी मैदान दोन-तीन आठवडे बंद असते, आणि उघडल्यावरही काही काळ ओलसर, कोवळे, गाड्यांना मज्जाव असलेले असे राहते. त्या दिवसांत भाव पडलेला दिसला तर तो तसा का पडला आहे, हे समजूनच पैसे टाकावेत.

हे उन्हाळी गवत म्हणजे काय, याची चौकशी करता आम्ही थक्क झालो. इंग्रजीत त्याला बर्म्युडा बेटाचे नाव दिलेले आहे. पण वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दप्तरात जे नाव आहे ते आपल्या हरळीचे, म्हणजे गणपतीला वाहावयाच्या दूर्वांचे! आखातातील अनेक मैदानांवर याच हरळीचे संकरित वाण लावलेले असते. भाताच्या बांधावरून जी आम्ही लहानपणी उपटून फेकली, भाद्रपदात जिच्या एकवीस एकवीस जुड्या बांधल्या, तीच ही. सौभाग्यवतीस हे सांगताच ती म्हणाली, “अहो, म्हणजे दूर्वांवर चालायला पैसे मोजायचे?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

वास्तविक या खेळाचा जन्म फुकटच्या गवतावर झाला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे समुद्रकाठच्या पडीक माळावर जे गवत उगवे, ते तेथील वाऱ्याने आणि चरणाऱ्या मेंढ्यांनी आखूड राखलेले असे. ते मैदान आजही सार्वजनिक मालकीचे आहे. एरवी रविवारी त्याच्या सर्वांत जुन्या भागावर खेळ बंद असतो आणि गावची माणसे तेथे फिरावयास येतात. पुढे साहेब तेलासाठी अरबी वाळवंटात गेला, तेव्हा खेळही बरोबर गेला. पण गवत जाऊ शकले नाही. म्हणून वाळूवरच तेल ओतून ती दाबून घट्ट करीत आणि तिलाच हिरवळ समजत. चेंडू मारताना खाली ठेवावयास नकली गवताचा एक तुकडा प्रत्येकजण जवळ बाळगी. आखातात सर्वत्र गवत असलेले पहिले मैदान दुबईस १९८८ साली झाले. त्यानंतर अशी अनेक झाली. त्यांना दररोज लाखो लिटर पाणी लागते. ते पाणी कोठे सांडपाणी शुद्ध करून, तर कोठे समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळविलेले असते. सारांश, मैदानाचे जे भाडे आपण देतो ते बव्हंशी गवताचे भाडे होय. आणि वाळवंटात गवत जिवंत ठेवावयास जो खर्च येतो तो पाहता ते भाडे अवाजवी म्हणता येत नाही. हा आमचा पाचवा आणि शेवटचा सिद्धान्त. तो भाच्यास मुळीच आवडला नाही.

असो. नाताळात आम्ही उभयता दुबईस पोचलो. आमच्या कोष्टकाबरहुकूम पहिला डाव मंगळवारी सांजवेळेस, रहिवाशाच्या दराने, नऊ होलांचा ठरला. आम्ही गाडीत बसून भाच्याचा खेळ पाहिला. चोहीकडे तांबूस वाळू आणि मध्ये ही हिरवी पट्टी. जणू कोणी श्रावणातल्या शेताचा एक तुकडा उचलून भट्टीच्या तोंडाशी ठेवला आहे. भाच्याचे चार चेंडू वाळूत आणि दोन तळ्यात गेले. परत येताना तो म्हणाला, “मामा, तुमच्यामुळे बरेच पैसे वाचले, पण खरे सांगू? ही शुद्ध लूट आहे. गवतावर चालायचे इतके पैसे!” आम्ही मान डोलावली. ‘लूट’ हा शब्द मात्र मनात कोठेतरी अडकून राहिला; तो आपण पूर्वी कोठेतरी याच संदर्भात वाचला आहे, असे वाटत राहिले.

भाचा काठ्या परत करण्यास गेला तेव्हा आम्ही मैदानाच्या कडेला उभे होतो. दिवे लागले होते. एक माळी यंत्राने कापलेले गवत गोळा करून टोपल्यात भरीत होता. बोलण्यावरून तो मारवाडचा निघाला. आम्ही विचारले, “या गवताचे पुढे काय होते?” तो म्हणाला, “काही नाही साहेब, टाकून देतात.” मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “आमच्याकडे एका दुष्काळात चाऱ्यावाचून दोन गाई विकाव्या लागल्या. इथे रोज इतके गवत कापतो आणि टाकतो.” आपण कोठले, असे त्याने विचारले. मुंबईच्या उत्तरेचे, पालघरचे, असे आम्ही सांगितले. “तिकडे पाऊस फार. गवत कमरेइतके होत असेल?” “पुरुषभर होते,” आम्ही अभिमानाने म्हणालो. त्याचे डोळे चमकले. “मग तिकडे गवताचा भाव काय?”

आम्हांस सांगता आले नाही. पापलेटाचा भाव सांगता आला असता, चिकूचा सांगता आला असता, आखातातील मैदानांचा तर तोंडपाठ होता. पण ज्या गवतात आम्ही वाढलो त्याचा भाव ठाऊक नव्हता. त्याला पगार काय मिळतो, हा प्रश्न आमच्या अगदी ओठांवर आला होता. परंतु जन्मभर हर वस्तूचा भाव विचारीत आलेल्या आम्हांस तो एकच भाव त्या क्षणी विचारवेना.

आणि गवताचा भाव आम्हांस ठाऊक नसावा, ही गोष्ट अधिकच लाजिरवाणी होती. कारण आमच्या घराण्याचा जुना धंदा गवताचाच. आमच्या आजोबांची बोईसर स्टेशनाजवळ गवताची वखार होती. डहाणू तालुक्यातील वाणगावच्या पूर्वेकडे जी वरकस जमीन आहे, तीवरील गवत पावसाळा सरताच कापले जाई, वाळविले जाई, दाबून त्याचे गठ्ठे बांधले जात आणि आगगाडीने मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. मुंबईची म्हैस आमच्या टेकड्यांवरचे गवत खाऊन दूध देई, आणि त्या दुधाच्या पैशातला एक लहानसा ओघळ उलट दिशेने वाहत आमच्या घरी येई. त्या ओघळावर आमच्या वडिलांचे शिक्षण झाले, आणि त्यांच्या शिक्षणावर आमचे.

परत आल्यावर आम्ही माळ्यावरून आजोबांच्या वह्या काढल्या. कसरीने पाने खाल्ली होती, पण मोडी नव्हती. आजोबांचे बाळबोध अक्षर स्पष्ट होते. वखारीचे भाडे, रेल्वेचे हशील, सुतळी, बैलांची पेंड, सर्व काही तारीखवार. बैलांची नावेही होती: मोत्याला पत्री मारली, पवळ्याला औषध दिले. कापणाऱ्यांची नावे मात्र कोठेही नव्हती. ‘कापणी, माणसे ११’, ‘कापणी, माणसे १४’, एवढेच. ही माणसे म्हणजे वारली. त्यांपैकी एकाचेही नाव तीन वह्यांत आम्हांस सापडले नाही.

आणि तो शब्द सापडला. १९४५ सालच्या दिवाळीनंतरच्या एका नोंदीत पाचशे रत्तल गवताच्या कापणीस अडीच रुपये असा दर लावलेला आहे, आणि समासात, जरा घाईच्या अक्षरात, लिहिले आहे: ‘ही लूट आहे.’ आदल्या वर्षीचा दर त्याच वहीत आहे. तो येथे लिहिण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

या अडीच रुपयांचा इतिहास आमच्या जिल्ह्यातील लोकांस ठाऊक आहे. निदान असावयास हवा. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या मंडळींनी वारल्यांची परिषद भरविली, आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असा तेथे निश्चय झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य त्या चळवळीच्या अग्रभागी होते. ऑक्टोबरात, गवत कापणीच्या ऐन मोसमात, पाचशे रत्तलांस अडीच रुपये मिळाल्यावाचून विळा हाती धरावयाचा नाही, असा संप पुकारला गेला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. त्यांतील एकाचे नाव जेठ्या गांगड. गोदावरीबाईंनी ही हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली निघालेल्या पुस्तकात लिहून ठेविली आहे. ते आमच्या कपाटात वीस वर्षे आहे, आणि आम्ही ते दोनदा वाचलेलेही आहे. पण त्यातील अडीच रुपये आणि आमच्या माळ्यावरील अडीच रुपये हे एकच आहेत, हे समजावयास आम्हांस दुबईपर्यंत जावे लागले.

आजोबांस दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. ते दुष्ट नव्हते. आम्हांस आठवतात ते सोप्यावर बसून नातवंडांस बोरे वाटणारे आजोबा. त्यांचा हिशेब आमच्याच हिशेबासारखा होता: भाडे पाहा, हशील पाहा, जेथे वाचेल तेथे वाचवा. भाडे कमी करण्यास रेल्वे तयार नव्हती, बैल पेंडीवाचून चालत नव्हते. ज्याचा भाव पाडता येत होता असा साऱ्या व्यवहारात एकच इसम होता, आणि त्याला नाव नव्हते. तो इसम जेव्हा आपला भाव आपणच सांगू लागला, तेव्हा ती लूट झाली. आमच्या भाच्याने दूर्वांच्या भाड्याला तोच शब्द लावला, आणि आम्ही मान डोलावली. आमच्या कोष्टकात सूर्य मावळण्याची वेळ होती, गाडीचे भाडे होते, राय गवताचे बी होते. टोपले भरणारा माळी त्यातही नव्हता. वही बदलली आणि हिशेबनीस बदलला, एवढाच काय तो फरक.

यास्तव वाळवंटात कोणी सुटीस जाऊ नये किंवा गोल्फ खेळू नये, असे आमचे म्हणणे नाही. आमचे पाचही सिद्धान्त अजून कायम आहेत, आणि ज्यांस त्यांचा उपयोग असेल त्यांनी तो खुशाल करावा. स्वस्त वस्तू शोधण्यात पाप नाही. ती कोणाच्या पदरात महाग पडते हे न विचारण्याची जी सवय लागते, ती वाईट. या वर्षी पुन्हा भाच्याने कोष्टक मागितले आहे, आणि आम्ही ते धाडले आहे. मात्र त्यात एक रकाना वाढविला आहे: वाचलेल्या पैशातून काही भाग कडेला टोपले घेऊन उभा असलेल्या मनुष्याच्या हाती जावा. भाच्याने उत्तर दिले, “मामा, हा सहावा सिद्धान्त का?” आम्ही कळविले, की हा सिद्धान्त नव्हे, ही बाकी आहे, आपल्या आजोळच्या वहीत ती बरीच वर्षे ओढली गेली आहे.

आश्विन सरत आला आहे. पालघरहून मनोरकडे जाताना टेकड्यांवरचे गवत पिवळे होऊन वाऱ्याबरोबर लवते आहे. गेल्या आठवड्यात दिवेलागणीच्या सुमारास आम्ही बाजारात गेलो. कोळिणीच्या टोपलीतला बर्फ वितळला होता आणि सातपाटीची शेवटची गाडी गाठण्याची तिला घाई दिसत होती. तिने भाव सांगितला. आम्ही सवयीने तोंड उघडले, आणि मिटले. तिने संशयाने आमच्याकडे पाहिले, मासळी उलटीसुलटी करून दाखविली आणि म्हणाली, “मास्तर, आज बरे नाही का तुम्हाला?”

घरी आल्यावर सौभाग्यवतीनेही तेच विचारले. आमचा लौकिक एकंदरीत धोक्यात आलेला दिसतो.